दोर तुटला, असं बाई म्हणाल्या

हिमनदीवरच्या त्या ठाण्यात तिला सगळे 'नवी' म्हणायचे. शिकायला परदेशी येऊन तिला आता तिसरा उन्हाळा लागला होता, बर्फावर तिचे पाय जुन्यांइतकेच बसले होते, पण एकदा चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. कुणी 'नवे, चहा टाक' म्हटलं की ती आधी दोन टोमणे मारायची आणि मग चहा टाकायची.

ठाणं म्हणजे काय, तर खडकात बोल्ट ठोकून बसवलेल्या तीन लाकडी खोल्या. एकीत झोपायचं. एकीत शेगडी, जेवायचं टेबल आणि त्याच टेबलावर काम. तिसरीत ओले बूट, पट्टे, दोर सुकत टाकायचे. तिथे कायम ओल्या लोकरीचा कुबट वास. मागच्या बाजूला खडकात कोरलेली एक थंड कोठडी होती. हिमनदीत खोल भोकं पाडून काढलेल्या बर्फाच्या कांड्या तिथे फळ्यांवर निजवून ठेवलेल्या असत. एकेका कांडीत कितीतरी हिवाळ्यांचं बर्फ थरावर थर बसलेलं. बाकी रोजचं काम साधं होतं. बर्फात काठ्या रोवायच्या आणि काही दिवसांनी काठी किती उघडी पडली ते बघायचं. जेवढी उघडी, तेवढं बर्फ गेलं.

हे सगळं चालवायच्या तिच्या प्राध्यापिका. त्यांना ती बाई म्हणायची. साठीला टेकलेल्या, काटकुळ्या, जिभेला हाड नसलेल्या. चूक दिसली की विद्यार्थी असो की खात्याचा प्रमुख, बाई जागच्या जागी सालटी काढायच्या. खोटं बोलणं मात्र त्यांना जमत नसे. कुणाचं भाषण रटाळ झालं तर 'छान झालं' एवढंसुद्धा त्यांच्या तोंडून निघायचं नाही.

आणि दोघे सख्खे भाऊ. थोरला मिस्त्री: जनरेटर, बर्फगाडी, शेगडी, रेडिओ, सगळं त्याच्या हाताखाली. धाकटा वाटाड्या: बर्फावर सगळ्यांच्या पुढे तो. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्याने धाकट्याला वाढवलं, बर्फावर चालायला त्यानेच शिकवलं. धाकटा मोठा गमत्या, देखणा, कष्टाला वाघ. पण दोराच्या बाबतीत बेफिकीर. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो बर्फावरून आला तो कमरेच्या पट्ट्याची, दोर अडकवायची कडी उघडी टाकूनच. थोरल्याने ती पाहिली आणि काही न बोलता सगळ्यांच्या देखत त्याच्या थोबाडीत दिली. पस्तिशीच्या माणसाच्या गालावर पाच बोटं उमटली. धाकटा हसला, म्हणाला, दादा, चुकलं. 

तो दिवस उजाडला तो स्वच्छ उन्हाचा. संध्याकाळपर्यंत वादळ येणार असं रेडिओ सांगत होता, म्हणून वरच्या उतारावरच्या काठ्या सकाळीच बघून यायचं ठरलं. पुढे वाटाड्या, मध्ये नवी, शेवटी बाई. तिघे एका दोरात. वरची एक काठी आडवी पडलेली दिसली. वाटाड्या तिच्याकडे निघाला आणि ऐन हातभर अलीकडे दोर ताणला गेला. आता मागच्या दोघींनी चार पावलं पुढे यायचं आणि मग त्याने पुढे सरकायचं, अशी रीत. त्याला तेवढाही दम निघाला नाही. त्याने दोराच्या टोकाच्या कडीची चकती फिरवली, कडी पट्ट्यातून काढली, चकती पुन्हा आवळली आणि दोर बर्फावर टाकला.

"कडी लाव," बाई ओरडल्या. "आत्ताच्या आत्ता लाव."

"हातभर तर जायचंय, बाई."

तो वाकला, त्याने काठी धरली, आणि त्याच्या पायाखालचं बर्फ आत गेलं. आवाज फार मोठा झालाच नाही. भरलं पोतं जमिनीवर टाकावं तसा एक धप्प, मग खालून घसरत जाणारी खरखर. मग तो ओरडला. म्हणजे जिवंत होता.

नवीने भेगेच्या काठाशी पालथं पडून खाली पाहिलं. निळ्या भिंती खाली खाली एकमेकींना भिडत गेल्या होत्या आणि तो त्या चिमटीत छातीपर्यंत रुतला होता. एक हात वर होता, दुसरा दिसत नव्हता. बाईंनी बर्फात लोखंडी खुंट्या पिळून बसवल्या, दोर त्यांतून ओवला आणि दुसरं टोक नवीच्या हातात दिलं. मला सोड खाली, म्हणाल्या. नवी म्हणाली, मी जाते. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. बाई हलक्या होत्या आणि नवीला त्यांना ओढून घेता आलं असतं. उलटं झालं असतं तर नवीही खालीच राहिली असती. हे तिला नंतर कळलं.

तिने बाईंना सोडलं. खालून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. एकदा वाटाड्या हसल्यासारखं वाटलं. मग बाईंची हाक आली, ओढ. नवी मागे रेलली, पाय बर्फात खुपसून तिने सगळा जीव लावला. दोर बोटभरही सरकेना. बाईंनी त्याला धरलं होतं आणि त्याला बर्फ सोडत नव्हतं. तेवढ्यात बाजूच्या भिंतीचा एक कपाटाएवढा तुकडा सुटला. नवीला तो दिसला नाही, फक्त दोराला बसलेला हिसका हातांना कळला. हातमोजे फाडून दोर तळव्यांत गेला. खालून एक आवाज आला, ओली फांदी मोडल्यासारखा. त्यानंतर फक्त बाई ओरडत होत्या.

बाई वर आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं हातमोज्यात नुसती लोंबत होती आणि कपाळावरची कातडी भुवईवर उतरली होती. 'गेला,' एवढंच म्हणून त्या बर्फावर बसल्या.

परतताना नवीने त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. वाटेत त्या थांबल्या.

"थोरल्याला कडीचं सांगू नका म्हणाला. शेवटचं तेवढंच बोलला. मी शब्द दिलाय."

"मग काय सांगणार?"

"मी पाठवला म्हणून. ते काही फारसं खोटं नाही. ठाणं माझं आहे."

नवीला हे पटलं नाही, पण वाद घालायची ती वेळ नव्हती. बाईंनी रेडिओवर मिस्त्रीला तसंच सांगितलं.  तो म्हणाला, या तुम्ही.

तो दारातच उभा होता. त्याने बाईंच्या हाताला पट्टी बांधली, सुई टोचली, कपाळ स्वच्छ केलं. नवीच्या खांद्यावरचा दोर घेतला आणि रोजच्यासारखा आतल्या खोलीत सुकत टाकला. खाली गावात हेलिकॉप्टरसाठी निरोप दिला. पण वादळ वेळेआधीच आलं, खिडक्या पांढऱ्या झाल्या, आणि हेलिकॉप्टर येणार नाही असं उत्तर आलं. तिघे टेबलाशी बसले. दुपार होती, पण दिवा लावावा लागला. नवीने तिघांपुढे चहा ठेवला. कुणी प्यायलं नाही. मिस्त्री आपल्या तळहातांकडे बघत होता. त्याचे हात फावड्यासारखे रुंद, ग्रीसने काळवंडलेले.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला.

बाईंनी सांगितलं. काठी पडली होती, मी म्हटलं जा, तो गेला, बर्फ ढासळलं.

"दोराला होता?"

"होता."

"मग?"

बाई क्षणभर अडखळल्या. "दोर तुटला," त्या म्हणाल्या.

मिस्त्री उठला. त्याने टेबल एका हाताने बाजूला ढकललं आणि दुसऱ्या हाताची मूठ बाईंच्या तोंडावर हाणली. बाई खुर्चीसकट मागे कोसळल्या. तो त्यांच्यावर बसला आणि मारू लागला. ओरडत नव्हता, शिवी देत नव्हता. खिळा ठोकावा तसा एकाच जागी, एकाच जोराने मारत होता. बाईंचं नाक फुटलं, दात तुटून गालावर आला. त्यांनी पट्टी बांधलेला हात मध्ये धरला तर त्याने तो बाजूला दाबून ठेवला आणि दुसरा हात त्यांच्या गळ्यावर नेला.

नवी भिंतीला चिकटून उभी होती. ही उभं राहायची रीत तिला चांगली ठाऊक होती. वडील आईवर हात टाकायचे तेव्हा लहानपणी ती दाराआड अशीच उभी राहायची, श्वास धरून, फरशीकडे बघत. आताही ती फळ्यांकडेच बघत होती. फळ्यांवरून रक्ताची एक रेघ तिच्या बुटाकडे येत होती. बाईंच्या टाचा जमिनीवर आपटत होत्या, आणि मग त्या आपटायच्या थांबल्या.

दाराजवळ बर्फ काढायचं फावडं होतं. ते आपण कधी उचललं हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला; त्याला कळलासुद्धा नाही. दुसरा तिने कानावर घातला. तो वळला. त्याची मूठ तिच्या जबड्यावर बसली, डोक्याच्या आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि तोंड रक्ताने भरलं. ती पडली नाही. तिने फावडं दोन्ही हातांनी उभं धरलं आणि धारेने त्याच्या गळ्याखालच्या आडव्या हाडावर मारलं. हाड मोडल्याचं फावड्याच्या दांड्यातून तिच्या हातांना कळलं. तो शेगडीवर जाऊन आदळला, हात चर्र झाला, मांस जळाल्याचा वास सुटला. ती पुढे झाली आणि तिने आणखी एक घातला. त्याची काही गरज नव्हती. तो खाली बसला होता.

"पुरे," बाई जमिनीवरून म्हणाल्या. आवाज कसला, नुसती घरघर. "नवे, पुरे."

मिस्त्री धडपडत उठला. मोडक्या बाजूचा हात पोटाशी धरून त्याने खुंटीवरची बर्फाची कुऱ्हाड घेतली. नवीने फावडं वर केलं. पण तो त्यांच्याकडे आलाच नाही. दार उघडून तो वादळात गेला आणि थोड्याच वेळात मागच्या कोठडीतून आवाज येऊ लागला. तो बर्फाच्या कांड्या फोडत होता.

एकेक कांडी म्हणजे बाईंचा एकेक उन्हाळा. नवीने त्यांच्याकडे पाहिलं. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, एक डोळा पुरता मिटलेला.

"फोडू दे," त्या म्हणाल्या. "तिकडे फोडतोय तोवर इकडे येत नाही."

नवीने बाईंना बिछान्यावर निजवलं, कुशीवर वळवलं, नाकातोंडातलं रक्त पुसलं. भिंतीपलीकडे कुऱ्हाड पडतच होती. हळूहळू तिचा संताप चढत गेला. ज्या बाईने याच्या भावासाठी तीन बोटं गमावली, आळ स्वतःवर घेतला, तिला याने मरेस्तोवर मारलं, आणि खरं काय ते याला ठाऊकही नाही. बाईंनी शब्द दिला होता; तिने नव्हता दिला. फावडं घेऊन ती कोठडीकडे गेली.

तो फुटलेल्या बर्फात घोट्यापर्यंत उभा होता. अंगातून वाफ निघत होती. कुऱ्हाड खाली आली की मोडक्या हाडातून कळ जायची आणि तो दर वेळी कण्हायचा, तरी थांबत नव्हता.

"दोर तुटला नाही," ती म्हणाली. जबडा हलत नव्हता, शब्द दातांतून कसेबसे निघत होते. "त्याने स्वतः कडी काढली. बाई ओरडल्या, तरी काढली. हातभर जायचंय म्हणाला. तुम्हाला सांगू नका असं त्यानेच सांगितलं. ऐकलंत?"

त्याने कुऱ्हाड खाली केली.

"ठाऊक आहे मला."

तिने फावडं जमिनीला टेकवलं.

"दोर मीच सुकत टाकला ना. टोकाला कडी तशीच होती, चकती आवळलेली. तुटलेला दोर असा असतो होय?" तो भिंतीला टेकला. "घरात पाऊल टाकलंत तेव्हाच कळलं होतं. वाटलं, म्हातारी खरं सांगेल. ती कधी खोटं बोलत नाही. पुन्हा विचारलं तरी म्हणते, तुटला. म्हणजे त्याने सांगायला लावलं. मला भिऊन. मरतानासुद्धा त्याला माझीच भीती होती."

"मग त्यांना का मारलंत?"

"मग कुणाला मारू?" तो म्हणाला. "तूच सांग. कुणाला मारू मी?"

 त्याला एखादी गोष्ट सोसवेनाशी झाली की त्याचे हात चालत, आणि ज्याच्यासाठी चालायचे तो खाली बर्फात होता. नवीला त्याची कीव आली नाही. तिने त्याच्या हातातली कुऱ्हाड धरली, आणि त्याने ती देऊन टाकली.

वादळ दोन दिवस राहिलं. ते दोन दिवस ती तिघं त्याच खोल्यांत होती, दुसरी जागाच नव्हती. नवीने त्याचा हात गळ्यात बांधला आणि त्याला सुकवायच्या खोलीत झोपायला लावलं. बाहेरून दाराला खुर्ची लावली. जनरेटर बंद पडला तेव्हा खुर्ची काढावी लागली, कारण तो चालू करणं त्याच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. तो एका हाताने नळ्या सोडवत होता आणि ती त्याच्या पाठीमागे फावडं धरून उभी होती. एकदा पाना त्याच्या हातातून निसटला, तिने तो उचलून त्याला दिला. बाई पेजेवर होत्या. त्या त्याच्याशी एकदाच बोलल्या. भाऊ लवकर गेला, फार वेळ लागला नाही, एवढं त्यांनी सांगितलं. तो दारात उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, हेही खोटं ना? बाई म्हणाल्या, नाही, हे खरं आहे.

हेलिकॉप्टर आलं, त्याच्यामागे पोलीस आले. नवीला वाटलं होतं, बाई आता सगळ्यावर पांघरूण घालतील. तसं काही झालं नाही. इस्पितळात पडल्या पडल्या त्यांनी सगळं जसंच्या तसं लिहून दिलं, कडीसकट. एकदा खोटं बोलून बघितलं, म्हणाल्या, काय झालं ते पाहिलंस ना. मिस्त्रीने काहीच नाकारलं नाही. नवीनेही आपला जबाब दिला, गरज नसताना घातलेल्या त्या शेवटच्या घावासकट. अधिकाऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मिस्त्रीला शिक्षा झाली. वाटाड्याला काढायला वर गेलेली माणसं रिकाम्या हातांनी परतली. वादळाने ती भेग बर्फाने भरून टाकली होती.

नवीच्या जबड्याला तारा बांधल्या होत्या, त्यामुळे कित्येक दिवस फोनवर आईच बोलायची आणि ती हुंकार द्यायची. घरून तिचा भाऊ म्हणत होता, पुरे झालं शिक्षण, परत ये. तारा निघाल्यावर तिने आईला पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं. जे पोलिसांना सांगितलं नव्हतं तेही सांगितलं: ते हाड मोडलं तेव्हा मला बरं वाटलं, आई. फार बरं वाटलं. झोपताना अजून तेच हाताला लागतं.



"मला माहीत होतं तू दाराआड असायचीस," आई म्हणाली. "मी मुद्दाम आवाज करायचे नाही."

त्यापुढे दोघी रडल्या, आणि मग आईने भावाला सांगितलं की तिचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत तिला परत बोलवायचं नाव काढू नकोस.

मिस्त्री सुटल्याचं तिला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. डोंगराच्या पायथ्याच्या गावात एका गॅरेजात तो कामाला लागला होता. वर ठाण्याकडे जायची गाडी तिथूनच सुटायची. गाडीला वेळ होता म्हणून ती गेली, असं तिने स्वतःला सांगितलं. तो एका ट्रकखाली निजून काम करत होता. तिचे बूट दिसले तसा तो सरपटत बाहेर आला, हातात पाना होता. ती दोन पावलं मागे सरली. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने पाना जमिनीवर ठेवला आणि पायाने लांब सरकवला. एक खांदा दुसऱ्याहून खाली राहिला होता.

तो आधी बाईंची चौकशी करील असं तिला वाटलं होतं. त्याने विचारलं,

"तो कधी येईल खाली? बर्फ सरकतं ना? तुम्ही लोक मोजता म्हणे."

तिने खरं तेच सांगितलं. वरच्या अंगाला बर्फ फार सावकाश सरकतं. मिस्त्रीच्या हयातीत नाही. तिच्या कदाचित, म्हातारपणी.

"आणि कसा असेल?"

"सगळा एका जागी नसेल," ती म्हणाली. "बर्फ दळतं."

त्याने मान हलवली. एखाद्या गाडीचं काय बिघडलंय ते समजावं तशी. मग त्याने बसायला स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. तोही पुन्हा म्हणाला नाही. बाहेर गाडीचा भोंगा वाजला आणि ती निघाली.

वर पोचली तेव्हा बाई डाव्या हाताने भोकं पाडायच्या यंत्राची नळी जोडत होत्या आणि ती जुळत नव्हती. इतका उशीर का, म्हणून त्यांनी तिला फैलावर घेतलं. मिस्त्रीकडे गेले होते, तिने सांगितलं. बाईंनी नळी तिच्या हातात दिली.

"धर घट्ट," त्या म्हणाल्या. "कसा आहे?"

"एक खांदा उतरलाय."

 नवीने नळी धरली, बाईंनी चकती आवळली, आणि दोघी कामाला लागल्या.